तीन पावसांच्या मधोमध: मलकापूर परिसरातलं खाणं आणि भटकंती

पुणे–बेंगळूरु महामार्गावर साताऱ्याहून कोल्हापूरकडे निघालं, की कराडला लागूनच मलकापूर येतं. बुलढाणा जिल्ह्यातलं रेल्वेमुळे ठाऊक असलेलं मलकापूर वेगळं, शाहूवाडी तालुक्यातलं आंबा घाटाच्या वाटेवरचं मलकापूर वेगळं. हे सातारा जिल्ह्यातलं, कराड तालुक्यातलं मलकापूर. नगरपंचायतीच्या काळात सुरू झालेली मीटरवरची चोवीस तास पाणीयोजना, कृष्णा रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय, ढेबेवाडी फाट्यावरची वर्दळ आणि मागे उभा आगाशिवचा डोंगर ही त्याची ओळख. सांगली जिल्ह्याची हद्दही इथून जवळच.

महामार्गावरची गाडी इथे जेवणापुरती थांबते आणि पुढे निघून जाते. तरीही दोन-तीन दिवस मुक्काम करून खाण्यासाठी आणि फिरण्यासाठी मलकापूरसारखी जागा पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. कारण या गावाच्या दोन्ही बाजूंना जमीन आणि पाऊस इतक्या झपाट्याने बदलतात, की दीड-दोन तासांच्या अंतरात ताटातली भाकरी, आमटी आणि कालवण तिन्ही बदलून जातात. कुठल्या हॉटेलात काय चांगलं मिळतं ही माहिती फोनवर कुणालाही सापडते. ते तिथेच का पिकतं आणि का शिजतं हे समजलं, की भटकंतीची गोडी वाढते.

एका जिल्ह्यात तीन पाऊस

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि डोंगरमाथ्यावर रिते होतात. कोयनानगरला वर्षाला साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर कराड-मलकापूर, तिथे तो सातशेच्या घरात येतो. आणखी पूर्वेला खटाव-माणच्या माळावर पाचशेच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. डोंगर ओलांडून खाली उतरणारे वारे तापतात आणि कोरडे होतात, म्हणून पूर्वेचा भाग पर्जन्यछायेत राहतो.

या तीन पावसांनी तीन प्रकारची शेती घडवली. पश्चिमेला पाटण तालुक्यात भात, नाचणी, वरी. पूर्वेला ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी. मधल्या पट्ट्यात पाऊस बेताचाच, पण डोंगरात पडलेला पाऊस घेऊन कृष्णा आणि कोयना इथे येतात. काठावर काळी कसदार माती आहे आणि उपसा सिंचनाच्या योजना आहेत. तिथे ऊस, हळद, भाजीपाला आणि दूधदुभतं. मलकापूर या मधल्या पट्ट्यात आहे. एका बाजूला गेलं तर धुक्यातली भातखाचरं आणि दुसऱ्या बाजूला गेलं तर मेंढरांचे कळप, दोन्ही एका दिवसाच्या फेरीत दिसू शकतात.

हमरस्त्यावरचा अख्खा मसूर

सुरुवात महामार्गावरूनच करावी. कराड, मलकापूर, इस्लामपूर या टापूतल्या ढाब्यांच्या पाट्यांवर एक नाव ठळक दिसतं: अख्खा मसूर. पुणेकर आणि मुंबईकर प्रवाशांनी हा पदार्थ इथूनच आपापल्या गावी नेला आणि आता त्याची नक्कल ठिकठिकाणी होते.

करायला तो साधा आहे, पण साधेपणातच त्याची परीक्षा आहे. सालासकट मसूर काही तास भिजवायचा आणि असा शिजवायचा, की दाणा बोटांत दाबला तर मोडावा, पण भांड्यात अख्खा दिसावा. बारीक चिरलेला कांदा तेलात चांगला परतायचा, आलं-लसूण, टोमॅटो, मग कांदा-लसूण चटणी, आणि तेल सुटलं की मसूर. दाणा फुटून सगळं गरगट झालं, की त्याची डाळ होते. दाणा कच्चा राहिला, की रस्सा वेगळा आणि मसूर वेगळा लागतो. सोबत तंदूरची रोटी किंवा भाकरी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि ताक.

मसूरच का, याचं उत्तर ढाब्याच्या कामकाजात सापडतं. हरभरा किंवा राजम्याच्या मानाने मसूर लवकर भिजतो आणि लवकर शिजतो. आधी शिजवून ठेवला आणि गिऱ्हाईक आलं की फोडणीत घातला, तर दहा मिनिटांत ताट समोर येतं. वाट पाहायला वेळ नसलेल्या ट्रकचालकासाठी आणि प्रवाशासाठी हे सोयीचं. पोट भरतं, खिशाला परवडतं आणि शाकाहारी माणसालाही मटणाच्या रश्शासारखं झणझणीत जेवल्याचं समाधान मिळतं.

गंमत अशी, की मसूर हे या भागातलं मोठं पीक नाही. देशातला बहुतेक मसूर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात पिकतो. उलट शेजारच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, तो राजमा म्हणून उत्तरेकडच्या बाजारात जातो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उत्तरेचं कडधान्य इथल्या ढाब्यावर आणि इथलं कडधान्य उत्तरेच्या ताटात, अशी ही देवाणघेवाण आहे. मग अख्खा मसूर इथला कसा? तो इथला झाला तो चटणीमुळे.

वर्षाची चटणी

सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत चटणी म्हटलं की तोंडी लावायचा पदार्थ आधी आठवत नाही. चटणी म्हणजे वर्षभराचा लाल मसाला. मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत घरोघरी तिची तयारी चालते. मिरच्या आणायच्या, देठं काढायची, अंगणात किंवा गच्चीवर कडक वाळवायच्या. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. धने, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल हे सगळं थोड्या तेलावर वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. कांदा उभा चिरून तांबूस तळायचा किंवा आधी वाळवून मग तळायचा. लसूण भरपूर, मीठ हात सैल सोडून. मग सगळं घेऊन कांडपावर जायचं.

कांडपाच्या डंकात मिरची आणि मसाला कुटला जातो, दळला जात नाही. गिरणीच्या पात्यांमध्ये मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो. कुटताना तापमान कमी राहतं, कांदा-लसणाचा आणि खोबऱ्याचा तेलकट ओलावा मिरचीत मुरतो. म्हणून ही चटणी कोरडी भुकटी नसते, मुठीत दाबली तर किंचित धरून राहते. मीठ आणि तेल यांमुळे ती बरणीत वर्षभर टिकते. घरी ही चटणी असली, की कांदा परतून त्यात दोन चमचे घातले तरी कालवण उभं राहतं. शेतावरून दमून येणाऱ्या बाईला रोज वाटण करायला वेळ नव्हता. उन्हाळ्यातल्या आठवडाभराच्या कष्टात तिने वर्षभराचं वाटण आधीच करून ठेवलं. इथल्या मिसळीची, मटणाच्या रश्शाची आणि अख्ख्या मसूराची चव या शहाणपणावर उभी आहे.

या भागात फिरायला आलेल्या माणसाने निघताना घरगुती चटणी जरूर घ्यावी. महिला बचत गट ती विकतात. आधी हुंगून पाहावी. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा वास स्वच्छ आला पाहिजे.

संध्याकाळ: प्रीतिसंगम

मलकापुरातून कराड शहर दोन-तीन किलोमीटरवर. तिथला प्रीतिसंगम हे या परिसराचं संध्याकाळचं ठिकाण. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. कृष्णा वाईकडून दक्षिणेला येते. कोयना दुसऱ्या खोऱ्यातून दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि पाटणमार्गे कराडला येते. एरवी दोन नद्या तिरक्या कोनात मिळतात. इथे त्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेला निघतात. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षरासारखा आकार दिसतो.

संगमावर घाट आहे, कृष्णाबाईचं देऊळ आहे, आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथला. शालेय शिक्षण कराडात झालं. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचं निधन झालं. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांच्या आत्मचरित्राचं नाव या नदीवरून आलं. शहरात त्यांचं ‘विरंगुळा’ हे घर आणि पत्नीच्या नावाचं वेणूताई चव्हाण स्मारक आहे. त्यांचा ग्रंथसंग्रह या स्मारकात जपला आहे. पुस्तकांवर प्रेम असलेल्या प्रवाशाने इथे अर्धा दिवस द्यावा.

संध्याकाळी संगमाच्या बागेजवळ भेळेच्या आणि कणसाच्या गाड्या लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या भेळेला भडंगाची जोड असते. भडंग म्हणजे चुरमुऱ्यांना लसूण, मिरचीपूड, शेंगदाणे आणि कढीपत्त्याची तेलातली फोडणी. सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग नावाजलेलं. नदीकाठच्या वाऱ्यात भेळ खाताना जुनं शहर पाठीशी असतं. आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे दुरून दिसतात, आणि जुन्या कोटात नकट्या रावळाची विहीर आहे. पायऱ्यांनी खोलवर उतरणारी ही भव्य बारव पाहिल्यावर लक्षात येतं, की दोन नद्यांच्या काठी राहणाऱ्या लोकांनीसुद्धा कोटाच्या आत पाण्याची वेगळी सोय करून ठेवली होती. वेढा पडला तर नदीवर जाता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पावसाळ्यात संगमाकडे मात्र जपून जावं. धरणांतून विसर्ग सुरू झाला, की पाणी काही तासांत घाट गिळतं.

पहाट: आगाशिव आणि सदाशिवगड

मलकापूरचा एक भाग आगाशिवनगर या नावानेच ओळखला जातो, इतका हा डोंगर गावाच्या जवळ आहे. जखिणवाडीकडून वर जाणाऱ्या वाटेवर बौद्ध लेणी आहेत. कराडची लेणी म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, साठाहून अधिक खोदकामं डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना विखुरलेली आहेत. अजिंठा-वेरूळसारखं शिल्पवैभव इथे शोधू नये. इथला खडक कोरीव कामाला फारशी साथ देत नाही, आणि हीनयान काळातल्या भिक्षूंना गरज होती ती राहायला कोठड्या, झोपायला दगडी ओटे, उपासनेला स्तूप आणि पाण्याला टाकी एवढ्यांची.

ही लेणी इथेच का, हे डोंगरावर उभं राहून समजतं. खाली दोन नद्यांची खोरी एकत्र येतात. पश्चिमेला कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे, म्हणजे कोकणातल्या बंदरांकडे उतरता येतं. कोकणातून देशावर येणारा माल या वाटेने येत असणार. कराडचं जुनं नाव करहाकट किंवा करहाकड. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या लेखांत करहाकटाच्या दानाचा उल्लेख आहे, आणि रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथले व्यापारी इतक्या दूरवर दान देत होते. महामार्गावरचं आजचं मलकापूर ही त्या जुन्या व्यापारी वाटांचीच पुढची पिढी आहे.

डोंगरमाथ्यावर आगाशिवाचं, म्हणजे महादेवाचं देऊळ आहे. श्रावणात सोमवारी गर्दी होते. एरवी पहाटे चालायला येणारी मंडळी भेटतात. तशीच मंडळी कराडच्या दुसऱ्या अंगाला सदाशिवगडावर भेटतात. हा किल्ला ओगलेवाडीजवळ. कराडचं रेल्वे स्थानकही ओगलेवाडीलाच. एकेकाळी औंध संस्थानात असलेल्या या गावाला ओगले बंधूंच्या काचकारखान्याने नाव दिलं. वीज नसलेल्या खेड्यापाड्यांत ‘प्रभाकर’ कंदील पोहोचवणारे ते हेच ओगले. गडाच्या पायऱ्या दररोज चढणारे शेकडो लोक आहेत आणि गडावरची झाडं जगवायला वर पाणी वाहून नेणारेही आहेत.

उतरल्यावर न्याहारी मिसळीची. इथली मिसळ मटकीची, कट पातळ आणि तिखट, वर शेव-चिवडा, सोबत पाव आणि कांदा-लिंबू. गूळ घातलेला चहा मिळाला तर घ्यावा. मलकापुरात वैद्यकीय शिक्षणासाठी आणि कराडात अभियांत्रिकीसाठी देशभरातून मुलं येतात, त्यामुळे रस्त्याच्या एकाच बाजूला मिसळ, डोसा आणि मोमो शेजारी शेजारी दिसतात. शहराच्या खाण्यात तरुण पाहुण्यांनी घातलेली ही भर आनंदाने स्वीकारावी.

पश्चिमेला: घुटं आणि धुकं

पाटणच्या वाटेला लागलं, की ऊस मागे पडून भातखाचरं सुरू होतात. इथल्या घरांतला मानाचा पदार्थ म्हणजे उडदाचं घुटं. काळ्या उडदाची डाळ सालासकट किंवा थोडी सालं राखून शिजवायची, रवीने घोटायची, आणि हिरवी मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर, जिरं यांचं वाटण घालून उकळी आणायची. लाल चटणी यात घालत नाहीत. रंग करडा-हिरवट, चव सौम्य पण अंगात ऊब आणणारी. पावसाळ्यात सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही, तेव्हा गरम घुटं आणि भाकरी किंवा भात हे या खोऱ्याचं जेवण. पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या निघतात आणि आठवडी बाजारात बायका त्या जुड्या करून विकतात. ओळख असलेल्याकडूनच त्या घ्याव्यात, आणि शिजवायची रीत विचारून घ्यावी, कारण काही भाज्या आधी उकळून पाणी टाकून द्यावं लागतं.

पावसाळ्यात पाटणजवळच्या सडावाघापूरच्या पठारावर गर्दी असते ती उलट्या धबधब्यासाठी. पठाराच्या कड्यावरून ओढा खाली पडतो आणि पाणी पुन्हा वर उडून पाहणाऱ्यांना भिजवतं. यात चमत्कार काही नाही. दरीतून येणारा जोरदार वारा उभ्या कड्याला आपटतो, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो वर उसळतो. पाण्याची धार बारीक आणि वारा जोराचा असला, की थेंब वाऱ्याबरोबर वर येतात. पाऊस फार झाला आणि धार जड झाली, की धबधबा सरळ पडू लागतो. ज्या वाऱ्याने पाणी उलटं होतं त्याच वाऱ्यावर या पठारांवरच्या पवनचक्क्या फिरतात. कड्याच्या टोकाला जाऊन फोटो काढण्याचा मोह टाळावा. जांभ्याचा ओला दगड निसरडा असतो.

पुढे कोयनानगर. १०३ मीटर उंचीचं धरण, मागे सातारा जिल्ह्यातल्या डोंगरांत पसरलेला शिवसागर जलाशय, आणि साठवण १०५ अब्ज घनफुटांच्या घरात. हे पाणी पूर्वेला कराडकडे तर येतंच, पण बरंचसं बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडलं जातं आणि त्यावर १९२० मेगावॅट क्षमतेचे वीजसंच चालतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने हे गाव उद्ध्वस्त केलं होतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात तो दिवस आजही येतो. जलाशयाच्या काठचं कोयना अभयारण्य आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या त्यांत त्याची गणना होते.

मधला पट्टा: काहिलीतला गूळ आणि काठावरची वांगी

दिवाळीनंतर मलकापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यासारखे मोठे साखर कारखाने जवळच आहेत. पण पाहुण्याने पाहावं ते गुऱ्हाळ. ऊस घाण्यात गाळला जातो, रस मोठ्या काहिलीत येतो, खाली चुलाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात. रस तापू लागला, की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्याला मळी धरते आणि फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. मग तासन् तास आटवणं. पाक कधी उतरायचा हे ठरवणारा गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी बोटांनी चाचपतो. एक मिनिट आधी उतरला तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो.

गूळ जमण्याच्या आधीच्या अवस्थेत काढलेला दाट, सोनेरी-तांबूस पाक म्हणजे काकवी. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर तूप आणि काकवी ही या पट्ट्यातली हिवाळ्याची न्याहारी. गूळ विकत घेताना पिवळाधमक शोधू नये. रंग उजळण्यासाठी काही ठिकाणी रसायनं घालतात. गडद तपकिरी गूळ बहुधा जास्त प्रामाणिक असतो.

नदीच्या गाळमातीतली दुसरी मिरास म्हणजे कृष्णाकाठची वांगी. साल पातळ, बी कमी, गर गोडसर. चातुर्मासात अनेक घरी वांगं आणि कांदा वर्ज्य असतो, आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होतं. त्याच सुमाराला थंडीची वांगी ऐन बहरात असतात. सणाचं पंचांग आणि शेताचं पंचांग इथे एकमेकांना धरून आहेत. खंडोबाचं मोठं ठाणं पालला, तारळी नदीच्या काठी. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा भरते आणि नदीचे दोन्ही काठ भंडाऱ्याने पिवळे होतात.

बैलांचा सणही इथे श्रावणाच्या अखेरीला नसतो. सातारा-सांगलीकडे आषाढात बेंदूर साजरा करतात. त्या दिवशीची पुरणपोळी आणि पुरणाच्या डाळीच्या पाण्याची झणझणीत येळवणीची आमटी कुणाच्या घरी खायला मिळाली, तर त्या आमंत्रणाला नाही म्हणू नये.

पूर्वेला: हुलगा, हुरडा आणि माळरान

कराडहून पूर्वेला निघालं, की हिरवा रंग हळूहळू ओसरतो. इथल्या पदार्थांत पाण्याची काटकसर दिसते. हुलग्याच्या पिठाचं माडगं, शेंगोळी, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि म्हाद्या. भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटून लसूण-मिरचीच्या फोडणीत थोड्या पाण्यात शिजवले, की म्हाद्या होतो. भाजी मिळाली नाही त्या दिवशीचा हा पदार्थ, पण प्रथिनांनी आणि उष्मांकांनी भरलेला. दिवसभर मेंढरांमागे चालणाऱ्याला पुरणारा. हुलग्याची मुळं खोल जातात आणि कमी पावसातही तो दाणा देतो, म्हणून तो या माळावर टिकला. डिसेंबर-जानेवारीत शाळू ज्वारीचा हुरडा आगटीवर भाजून चटणीबरोबर खाण्यासाठी लोक मुद्दाम इकडे येतात.

खाण्याला जोडून पाहण्यासारख्या जागाही आहेत. औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेल्या संग्रहात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं माता-बालकाचं शिल्पही आहे. मायणीच्या तलावावर थंडीत स्थलांतरित पाणपक्षी उतरतात.

आग्नेयेला सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. चराई आणि तोड यांनी बोडक्या झालेल्या टेकड्यांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साडेदहा चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे जंगल माणसाने मुद्दाम उभं केलेलं आहे. आज तिथे चितळ, सांबर, काळवीट दिसतात. पायथ्याशी जुन्या मंदिरांचा समूह आहे, आणि टेकडीवरून खाली पाहिलं तर उसाचा हिरवा गालिचा आणि बोडका माळ यांची सीमारेषा स्पष्ट दिसते.

कधी यावं, काय मागावं

जुलै ते सप्टेंबर पश्चिमेचे: घुटं, रानभाज्या, धबधबे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आगाशिव आणि सदाशिवगड हिरवे असतात आणि पायवाटा कोरड्या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मधल्या आणि पूर्वेच्या पट्ट्याचा काळ: गुऱ्हाळ, भरीत, हुरडा, मायणीचे पक्षी. मार्चपासून पहाटे डोंगर, दुपारी मुक्कामी आणि संध्याकाळी संगम असा दिवस आखावा; याच महिन्यांत गावोगावच्या यात्रा आणि चटणीची कांडपं असतात. मुक्काम मलकापुरात ठेवला तर महामार्ग, ढेबेवाडी रस्ता आणि पाटण रस्ता तिन्ही हाताशी येतात, आणि एसटीनेही यातलं बरंच पाहून होतं.

यातले बहुतेक पदार्थ हॉटेलच्या यादीत आजही नाहीत. महामार्गावरच्या जेवणात अख्खा मसूर, पनीर आणि तंदूर रोटी यांची चलती आहे. शेतातही हाच कल दिसतो. पाणी पोहोचेल तिथे ऊस येतो, कारण त्याला कारखान्याचं हमखास गिऱ्हाईक आहे. हुलगा, वरी, नाचणी, घेवडा यांना तसा आधार नाही. म्हणून ते कमी पेरले जातात, आणि ते पेरले गेले नाहीत, की माडगं आणि घुटं करणारे हातही हळूहळू विसरतात. पाऊस जिथे पाचशे मिलिमीटर पडतो तिथे कमी पाण्याची पिकं टिकणं ही त्या गावांच्या जगण्याची गरज आहे.

प्रवाशाच्या हातात इथे खरोखर काही आहे. गिऱ्हाईक जे मागतं ते हॉटेल शिजवतं, आणि हॉटेल जे विकत घेतं ते शेतकरी पेरतो. चटणीने अख्खा मसूर इथला केला, पण तो ढाब्याढाब्यावर पोहोचला तो प्रवाशांनी पुन्हा पुन्हा मागितला म्हणूनच. ढाब्यावर बसल्यावर रोटीऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी मागावी. पाटणच्या वाटेवर घुटं आहे का विचारावं, खटावच्या वाटेवर म्हाद्या आहे का विचारावं. बचत गटाकडून नाचणीचं पीठ, हुलगा, वाघ्या घेवडा आणि काकवी घ्यावी. आज नाही असं उत्तर मिळालं, तरी दहा जणांनी विचारल्यावर अकराव्याला ते पदार्थ ताटात मिळण्याची शक्यता वाढते. मलकापूरच्या दोन्ही बाजूंना निसर्गाने इतकं वेगवेगळं पिकवून ठेवलं आहे, की त्यातलं काहीही केवळ न विचारल्यामुळे नाहीसं होऊ देऊ नये.